डेबियन १३ चढवल्यावर अडलेली जुनी मशिनं: फॉरमॅट न मारता केलेल्या दुरुस्तीची नोंद

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची १३ वी आवृत्ती, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. आपल्या नाशिकच्या गटातली बहुतेक मशिनं आता १२ वरून १३ वर आली आहेत. एक नेटबुक मुद्दाम मागे ठेवलंय आणि एका प्रिंटरचं काम अजून अर्धवट आहे. मशिनं आपल्या ओळखीचीच: सातपूर-अंबडच्या ऑफिसांतून सेकंडहँड निघालेले चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हचे छोटे डेस्कटॉप, ४ किंवा ८ जीबी डीडीआर-थ्री रॅम, मागाहून बसवलेली सॅटा एसएसडी. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्याच अक्षरांत टाइप करायच्या.

अपग्रेडनंतर काही अडलं की नाशकात पहिला सल्ला ठरलेला: ‘फॉरमॅट मार.’ हा सल्ला आम्हाला अजिबात मान्य नाही. खाली नोंदवलेल्या बऱ्याच अडचणी नव्या इन्स्टॉलेशनमध्येही तशाच उभ्या राहतात. मदरबोर्डवरचा सेल मेलेला तो मेलेलाच राहतो, ‘/टीएमपी’ हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर रॅममध्ये जायचं ते जातंच. वर कॉन्फिगरेशन आणि कारण सांगणारा लॉग (मशिनने स्वतः ठेवलेली नोंद) दोन्ही पुसले जातात. लॉग आहे तोवर मशिन दुरुस्त होण्यासारखं आहे, असंच धरून चालायचं.

म्हणून अडलेल्या मशिनवर सुरुवात याच क्रमाने: ‘सिस्टिमसीटीएल --फेल्ड’ने पडलेल्या सर्व्हिस बघायच्या. मग ‘जर्नलसीटीएल -बी -पी ३’, आणि मशिन मध्येच अडकून रीस्टार्ट करावं लागलं असेल तर ‘-बी -१’, म्हणजे आधीच्या बूटचा लॉग. अपग्रेडच्या वेळी पडद्यावर काय आलं होतं ते ‘/व्हार/लॉग/एपीटी’मधल्या ‘टर्म.लॉग’मध्ये असतं आणि कोणती पॅकेजेस काढली गेली ते ‘हिस्टरी.लॉग’मधल्या ‘रिमूव्ह’ ओळीत. (एपीटी म्हणजे पॅकेजेस आणणारी-काढणारी कमांड.) ही ‘रिमूव्ह’ ओळ सगळ्यात जास्त कामाची, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. ‘/ईटीसी’मध्ये ‘.डीपीकेजी-डिस्ट’ आणि ‘.डीपीकेजी-ओल्ड’ शेपट्यांच्या फाइल शोधून जुन्या फाइलशी ‘डिफ’ने ताडून बघा. आपण हाताने बदललेली फाइल अपग्रेडच्या वेळी जुनीच ठेवली असेल, तर नव्या आवृत्तीला लागणारी ओळ त्या ‘डिस्ट’ फाइलमध्ये पडून राहिलेली असते.

पंचवटीचा डेस्कटॉप: कर्नल पॅनिक

पडद्यावर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’. हे वाचून डिस्क गेली असं वाटतं, पण डिस्क ठणठणीत असते. नव्या कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) इनिटआरडी, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल, अर्धवट लिहिली गेलेली असते, कारण ‘/बूट’ भरलेलं असतं. डेबियन १३ च्या अधिकृत सूचनांप्रमाणे वेगळं ‘/बूट’ पार्टिशन असेल तर ते किमान ७६८ एमबीचं हवं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे हवेत. जुन्या इन्स्टॉलरने एन्क्रिप्टेड एलव्हीएम करताना हे पार्टिशन याहून बरंच लहान ठेवलेलं असतं, आणि नवीन कर्नलसोबत मोड्यूल (कर्नलचे सुटे भाग) व फर्मवेअर (उपकरणात भरायचे छोटे प्रोग्राम) घेऊन येणारी इनिटआरडी आधीपेक्षा मोठी असते.

उपाय: ग्रबमध्ये, म्हणजे बूट होताना येणाऱ्या यादीत, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना ६.१ कर्नल सुरू करा. ‘डीपीकेजी -एल’ला ‘लिनक्स-इमेज’ जोडून सगळे कर्नल बघा. चालू असलेला एक ठेवून त्याआधीचे ‘एपीटी पर्ज’ने काढा. जागा तरीही पुरत नसेल तर ‘/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ’मध्ये ‘मोड्यूल्स=मोस्ट’ऐवजी ‘मोड्यूल्स=डेप’ करा. यामुळे फक्त याच मशिनला लागणारे मोड्यूल आत जातात आणि फाइल बरीच लहान होते. मग ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ आणि ‘अपडेट-ग्रब’. मात्र ‘डेप’ ठेवलेली एसएसडी उचलून दुसऱ्या बोर्डवर लावली तर ती बूट होईलच असं नाही. आपल्याकडे डिस्कची अदलाबदल सारखी चालते, त्यामुळे अशा डिस्कवर चिठ्ठी चिकटवून ठेवा. नवीन कर्नल एकदा नीट सुरू झाल्याशिवाय ‘ऑटोरिमूव्ह’ चालवू नका. जुना कर्नल हाच परतीचा रस्ता असतो.

सातपूरचा डेस्कटॉप: काळा पडदा, आणि मग नेटही गेलं

या मशिनवर जीटी ७१० कार्ड होतं. हे एन्व्हिडियाच्या केप्लर पिढीचं कार्ड, आणि केप्लरला चालणारी शेवटची ड्रायव्हर मालिका ४७०. डेबियन १३ मधला ५५० चा ड्रायव्हर मॅक्सवेल आणि त्यापुढच्या कार्डांसाठी आहे. अपग्रेडनंतर ड्रायव्हर कार्ड ओळखत नाही, आणि त्याच ड्रायव्हरने नूवो (एन्व्हिडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हर) ब्लॅकलिस्ट, म्हणजे बंद, करून ठेवलेला असल्यामुळे तोही पुढे येत नाही. दोघांच्या मध्ये पडदा काळा राहतो.

ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ आणि ‘सिस्टिमडी.युनिट=मल्टी-युझर.टार्गेट’ लिहा, कंट्रोल-एक्सने बूट करा. लॉगिन मिळालं की ‘एपीटी पर्ज’ला ‘*एन्व्हिडिया*’ द्या. होकार देण्याआधी काय काय जाणार त्याची यादी पूर्ण वाचा. ‘/ईटीसी/मोडप्रोब.डी’मध्ये नूवोला ब्लॅकलिस्ट करणारी फाइल उरली असेल तर ती काढा, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा आणि रीस्टार्ट करा. पडदा येतो.

पण आमचं स्पष्ट मत असं की चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हवर जीटी ७१० ठेवण्यात काही अर्थ नाही. प्रोसेसरमधला एचडी ४६०० कर्नलच्या आय९१५ ड्रायव्हरवर कुठलीही खटपट न करता चालतो. कार्ड काढा, मॉनिटरची केबल बोर्डवरच्या पोर्टला लावा, बायोसमध्ये प्रायमरी डिस्प्ले ‘ऑटो’ किंवा ‘आयजीएफएक्स’ करा.

कार्ड काढल्यावर पुढची गोष्ट घडली, तीही समजून घेण्यासारखी आहे. नेट बंद. लॅन पोर्टचं नाव ‘ईएनपी३एस०’ होतं, ते ‘ईएनपी२एस०’ झालं. या नावातला आकडा पीसीआय बसचा असतो. मधलं कार्ड गेलं की पुढच्या उपकरणांचे क्रमांक सरकतात. ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’मध्ये जुनं नाव लिहिलेलं असेल तर ते पोर्ट कधीच वर येत नाही. नवा कर्नलसुद्धा कधी कधी अशी नावं बदलतो. ‘आयपी लिंक’ने आत्ताचं नाव बघा आणि फाइलमध्ये तेच करा. नाव कायमचं बांधायचं असेल तर ‘/ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क’मध्ये मॅक अ‍ॅड्रेसवर जुळणारी ‘.लिंक’ फाइल ठेवा.

नाव बरोबर आहे तरी नेट नाही, असं रियलटेकच्या पोर्टवर झालं तर फर्मवेअर तपासा. डेबियन १२ पासून फर्मवेअर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात आहे. जी मशिनं ११ पासून चढत आलेली आहेत त्यांच्या सोर्समध्ये, म्हणजे एपीटीच्या पत्त्यांच्या यादीत, फक्त ‘नॉन-फ्री’ लिहिलेलं आढळतं. हा नवा विभाग जोडा आणि ‘फर्मवेअर-रियलटेक’ टाका. पॅकेज आणायलाच नेट नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा. डेबियनला तो थेट नेटवर्क कार्डसारखा दिसतो.

रिकाम्या डिस्कवर ‘जागा नाही’

हा ४ जीबीच्या मशिनवर हमखास येणारा प्रकार. मोठी पीडीएफ स्कॅन करताना, व्हिडिओ बदलताना किंवा आयएसओ उघडताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं, आणि ‘डीएफ -एच’ मात्र एसएसडीवर भरपूर जागा दाखवतं. डेबियन १३ मध्ये ‘/टीएमपी’ हे टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये असतं, आणि ते रॅमच्या निम्म्यापर्यंतच वाढतं. ४ जीबीच्या मशिनवर २ जीबी. त्यात ब्राउझरच्या टॅब उघड्या असल्या की मशिन स्वॅपवर (रॅमच्या जागी वापरलेल्या डिस्कवर) रेंगाळायला लागतं.

‘फाइंडएमएनटी /टीएमपी’ने खात्री करा. ८ जीबी आणि पुढच्या मशिनवर आहे तसंच राहू द्या. एसएसडीवरचं लिखाण कमी होतं ते चांगलंच. ४ जीबीच्या मशिनवर ‘सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट’ करून रीस्टार्ट करा, ‘/टीएमपी’ पुन्हा डिस्कवर येतं. ज्यांनी रॅममध्येच ठेवलंय त्यांनी एक करावं: अपग्रेडच्या आधी ‘/टीएमपी’मध्ये पडलेल्या फाइल नव्या माउंटखाली झाकल्या जातात, दिसत नाहीत आणि जागा मात्र अडवून ठेवतात. ‘माउंट --बाइंड / /एमएनटी’ करून ‘/एमएनटी/टीएमपी’ साफ करा आणि मग अनमाउंट करा.

याच मशिनवर आणखी एक: ‘/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ’ ही फाइल आता वाचली जात नाही. कमी रॅमसाठी त्यात लिहिलेलं ‘व्हीएम.स्वॅपिनेस=१०’ गुपचूप रद्द होऊन पुन्हा ६० झालेलं असतं. त्या ओळी ‘/ईटीसी/सिससीटीएल.डी’मध्ये ‘.कॉन्फ’ शेपटीच्या फाइलमध्ये हलवा आणि ‘सिससीटीएल --सिस्टिम’ चालवा.

मराठी टायपिंग

प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ५ वरून ६.३ वर आलेल्या आणि वेलँड (एक्स११ च्या जागी आलेली पडदा सांभाळणारी पद्धत) सेशनमध्ये गेलेल्या मशिनवर मराठी टायपिंग काही खिडक्यांत चालतं, काहींत नाही. टायपिंगसाठी एफसीआयटीएक्स ५ हा प्रोग्राम वापरत असाल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’मध्ये एफसीआयटीएक्स ५ निवडा. वेलँडवर इनपुट पद्धत अशी केविनमार्फत (प्लाझ्माच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममार्फत) सुरू व्हावी लागते. एक्स११ च्या काळात ‘/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट’मध्ये लिहिलेले जीटीके आणि क्यूटीचे ‘आयएम मोड्यूल’ व्हेरिएबल काढून टाका; त्यांच्यामुळेच प्रत्येक खिडकी वेगळी वागते. मग ‘एफसीआयटीएक्स५-डायग्नोज’ चालवून त्याचा निकाल नीट वाचा. नोम ४८ या दुसऱ्या डेस्कटॉपवर हे सगळं लागत नाही. आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आतच बसवलेला असतो, ‘आयबस-एम१७एन’ टाकून इनपुट सोर्समध्ये मराठी निवडलं की झालं.

अक्षरांची वळणंही बघा. मेनूत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसायला लागले तर फॉन्ट बदलत बसू नका. देवनागरी फॉन्टमध्ये मराठी वळणं असली तरी भाषा मराठी आहे हे प्रोग्रामला कळलं तरच ती वापरली जातात. भाषेची सेटिंग दाखवणाऱ्या ‘लोकेल’ कमांडमध्ये ‘एलसी_सीटाइप’ काय आहे ते बघा. ‘/ईटीसी/लोकेल.जेन’मध्ये ‘एमआर_आयएन यूटीएफ-८’ या ओळीच्या सुरुवातीचं ‘#’ चिन्ह काढा, ‘लोकेल-जेन’ चालवा, सेशनमधून बाहेर पडून पुन्हा आत या.

वीज आणि सेल

पावसाळ्यात अपग्रेड मध्येच तुटणं नवीन नाही. वीज गेली आणि ‘डीपीकेजी’ (पॅकेज बसवणारी कमांड) अर्ध्यावर राहिलं तर टर्मिनलवर येऊन ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, मग पुन्हा ‘एपीटी फुल-अपग्रेड’. याच क्रमाने. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर हवा. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला जो जास्त वेळ लागतो तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. पॅकेजेस आधी ‘--डाउनलोड-ओन्ली’ने उतरवून ठेवा, म्हणजे जोखमीचा वेळ कमी होतो. एकाच घरात दोन-तीन मशिनं असतील तर एकावर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ बसवा, पोर्ट ३१४२. बाकीच्यांना तेच डाउनलोड पुन्हा करावं लागत नाही.

‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ असा निरोप आला तर तारीख बघा. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं, आणि एपीटीला फाइल भविष्यातली वाटते. याच सेलमुळे बायोसची सेटिंगही मूळपदावर जाते, सॅटा डिस्कचा मोड एएचसीआयवरून आयडीईवर किंवा रेडवर सरकतो, आणि दोष मात्र अपग्रेडच्या माथी येतो. मल्टिमीटरवर २.८ व्होल्टच्या खाली दिसला तर सेल बदलूनच टाका.

बाहेरच्या रिपॉझिटरी (डेबियनच्या नसलेले पॅकेज-साठे) अपग्रेडच्या आधी बंद करा, नंतर एकेक सुरू करा. ‘एपीटी-की’ आता नाही. रिपॉझिटरीची सही तपासणारी चावी ‘/ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज’मध्ये ठेवून सोर्समध्ये ‘साइन्ड-बाय’ने तिचा पत्ता द्यायचा. एसएचए-१ वर सही केलेल्या जुन्या चाव्या १ फेब्रुवारी २०२६ पासून नाकारल्या जातात, तिथे नवीन चावी मिळवण्याला पर्याय नाही.

उरलेलं

नाशिकरोडचं नेटबुक अ‍ॅटम एन२७० वर आहे. हा प्रोसेसर ३२-बिटच, आणि डेबियन १३ मध्ये आय३८६ साठी, म्हणजे ३२-बिटसाठी, कर्नलही नाही, इन्स्टॉलरही नाही. ते १२ वरच राहील. १२ चा दीर्घकालीन आधार ३० जून २०२८ पर्यंत आहे. पण ३२-बिट डेबियन बसवलेलं प्रत्येक मशिन असंच असतं असं नाही. ‘एलएससीपीयू’मध्ये ६४-बिट दिसत असेल तर तिथे एएमडी६४ (६४-बिट डेबियन) नव्याने बसवणं हाच मार्ग. फॉरमॅट योग्य ठरतो तो इथे.

इंदिरानगरच्या मशिनवरचा कॅननचा एलबीपी२९०० प्रिंटर अर्धा सुटलाय. छपाई सांभाळणाऱ्या सीयूपीएसमध्ये ‘फिल्टर फेल्ड’ येत होतं. कॅननच्या कॅप्ट ड्रायव्हरचे काही भाग ३२-बिट आहेत आणि त्यांना लागणाऱ्या आय३८६ लायब्ररी अपग्रेडमध्ये निघून गेल्या होत्या, ‘हिस्टरी.लॉग’मध्ये त्यांची नावं मिळाली. ओळखायची खूण: फिल्टरची फाइल जागेवर असते, तरी चालवल्यावर ‘नो सच फाइल’ येतं, आणि लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी ‘एलडीडी’ कमांड तिला ‘नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल’ म्हणतं. ‘डीपीकेजी --अ‍ॅड-आर्किटेक्चर आय३८६’, ‘एपीटी अपडेट’, मग ‘एलआयबीसी६:आय३८६’. आता ‘एलडीडी’ पुढच्या हरवलेल्या लायब्ररींची नावं सांगतं, त्या एकेक टाकायच्या. एवढ्याने छपाई सुरू झाली. मात्र दुसरा यूएसबी प्रिंटर आधी चालू केला की हा ‘एलपी०’चा ‘एलपी१’ होतो आणि सीसीपीडी (कॅप्टचा मागे चालणारा प्रोग्राम) जुन्याच नावावर वाट बघत बसतो. त्यासाठी कॅननच्या व्हेंडर क्रमांक ०४ए९ वर जुळणारा यूडेव्ह (उपकरणांना नावं देणाऱ्या प्रोग्रामचा) नियम लिहून कायमचं नाव द्यायचं आणि सीसीपीडीच्या नोंदीत तेच नाव टाकायचं आहे. तो नियम रीबूटनंतरही टिकला की इथे जोडू.