हेडफोनचे पैसे आवाजाला की बॅटरीला?

माझ्या आधीच्या हेडफोनचा आवाज शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम होता. संपली ती त्याची बॅटरी. तिसऱ्या वर्षी पूर्ण चार्ज केल्यावरही तो जेमतेम तासभर चालू लागला. दुरुस्तीसाठी नेला, तेव्हा बॅटरी आतल्या भागांना चिकटवलेली असल्यामुळे ती बदलता येणार नाही, असे मला सांगण्यात आले. त्याला वायर जोडण्याची सोयही नव्हती, त्यामुळे आवाज निर्माण करणारे दोन्ही ड्रायव्हर ठणठणीत असताना तो हेडफोन कायमचा मुका झाला. त्याचे मला खरोखरच वाईट वाटले, कारण त्यासाठी मी बरेच महिने पैसे बाजूला ठेवले होते. नवा घेताना मी प्रत्येक हेडफोनला एकच प्रश्न विचारू लागलो: यातले किती पैसे आवाजासाठी आहेत आणि किती इतर गोष्टींसाठी?

वायरलेस हेडफोनच्या किमतीत बॅटरी, चार्जिंगचे सर्किट, ब्लूटूथची चिप, छोटा अँप्लिफायर, माइक आणि नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा गोंगाट उलट ध्वनीने कमी करण्याची सोय) असल्यास त्यासाठीची जास्तीची यंत्रणा, या सगळ्यांचा खर्च धरलेला असतो. हाताशी भरपूर पैसे असतील तर हे सर्व चांगल्या दर्जाचे मिळू शकते, पण रक्कम मोजकी असली की या भागांचा वाटा वजा जाऊन ड्रायव्हर, कानावरच्या गाद्या आणि डोक्यावरची पट्टी यांच्यासाठी फारच थोडे उरते. म्हणून ज्यांचे बहुतेक ऐकणे एका जागी बसून होते, त्यांनी वायरचाच हेडफोन घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून वायरचा हेडफोन लावायचा ३.५ मिलिमीटरचा जॅक गेला आणि पुढे इतरही अनेक फोनमधून तो नाहीसा झाला, ही अडचण खरी आहे. परंतु यूएसबी-सीला लावायचा एक छोटा डोंगल ती दूर करतो आणि त्याचा खर्च हेडफोनच्या मानाने किरकोळ असतो. व्यायामासाठी किंवा चालताफिरता ऐकण्यासाठी वायरलेस हवाच असेल, तर गरज पडल्यास वायर लावूनही वापरता येईल असा निवडावा, म्हणजे बॅटरी थकली तरी वस्तू टाकून द्यावी लागत नाही.

महाग हेडफोनचा आवाज चांगलाच असणार, हा समज आपल्या मनात घट्ट बसलेला असतो. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८३ हेडफोनची मोजणी केली होती, आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे खर्जापासून तार स्वरांपर्यंतचे आवाज ते कोणत्या प्रमाणात ऐकवतात याचा, किमतीशी संबंध आढळला नव्हता. याचा अर्थ महाग हेडफोनमध्ये काहीच विशेष नसते, असा नाही. साहित्य, टिकाऊपणा, डोक्यावर बसण्याची सुखद ठेवण आणि ध्वनीतला बारकावा यांत फरक पडतोच. पण स्वरांचा समतोल ही आवाजातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती थोड्या पैशांतही मिळू शकते, ही मला फार दिलासा देणारी बाब वाटते. १९८४ मध्ये आलेला कॉसचा पोर्टा प्रो आणि १९९१ पासून ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत वापरला जाणारा सोनीचा एमडीआर-७५०६ हे हेडफोन आजही नवे विकत मिळतात. दरवर्षी नवे मॉडेल आणणाऱ्या या धंद्यात एखादी रचना इतकी वर्षे टिकून राहते, ही तिच्या गुणांची मोठी साक्ष आहे. शिवाय तिच्याविषयी लोकांचा अनुभव भरपूर साठलेला असतो आणि सुटे भागही सहज मिळतात.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांपैकी बरेचसे निवडीच्या कामाचे नसतात. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो, पण त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सांगितलेले नसेल, तर त्यावरून काहीच कळत नाही. ४०,००० हर्ट्झपर्यंतचा दावाही माझ्या दृष्टीने तसाच आहे, कारण माणसाचा कान तरुणपणीही साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो आणि वय वाढते तशी ही मर्यादा खाली येत जाते. ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा की ५० मिलिमीटरचा, यावरूनही दर्जा ठरत नाही.

दोन आकडे मात्र पाहावेतच: इम्पीडन्स, म्हणजे हेडफोन विजेच्या प्रवाहाला करतो तो विरोध (तो ओहममध्ये मोजतात), आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक वीज दिल्यावर तो किती मोठा वाजतो. फोनसारख्या उपकरणावर सामान्यतः १६ ते ३२ ओहमचे हेडफोन निश्चिंतपणे चालतात, तर २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला बहुधा वेगळा अँप्लिफायर लागतो आणि मग तोही खर्चात धरावा लागतो. सेन्सिटिव्हिटी वाचताना ती एका मिलिवॅटला दिली आहे की एका व्होल्टला, हे नीट पाहावे. दोन हेडफोनवर एका मिलिवॅटला १०० डेसिबल असेच लिहिलेले असले, तरी एक व्होल्ट दिल्यावर ३२ ओहमचा हेडफोन सुमारे ११५ डेसिबलपर्यंत जाईल आणि ३०० ओहमचा सुमारे १०५ पर्यंतच. दहा डेसिबलचा हा फरक कानाला साधारण निम्म्या आवाजाएवढा जाणवतो. फोनवर लावल्यावर आवाज अगदी मंद येतो, अशी तक्रार असलेल्या कितीतरी हेडफोनच्या बाबतीत मूळ दोष फोन आणि हेडफोन यांच्यातला हा विजोडपणाच असतो.

या सगळ्यापेक्षा ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, ती म्हणजे हेडफोन डोक्यावर कसा बसतो. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, तो थेट आवाजाचा प्रश्न आहे. बंद पाठीच्या, म्हणजे बाहेरची बाजू पूर्ण बंद असलेल्या, हेडफोनची गादी कानाभोवती सर्व बाजूंनी चिकटून बसली नाही, तर फटीतून हवा निसटते आणि त्याबरोबर खर्जातला आवाज निघून जातो. माझ्या वडिलांनी माझा हेडफोन लावून आवाज ‘पातळ’ असल्याचे सांगितले, तेव्हा मला प्रथम तो आवडीनिवडीचा फरक वाटला. नंतर लक्षात आले, की त्यांच्या चष्म्याच्या जाड काड्या गादीला दोन्ही बाजूंनी उचलून धरत होत्या. क्षणभर चष्मा काढून त्यांनी तेच गाणे पुन्हा ऐकले आणि तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा त्यांना लगेच ऐकू आला. पुढे मऊ आणि थोडी जाड गादी बसवल्यावर त्यांना चष्म्यासकट नीट ऐकता येऊ लागले. चष्मा वापरणाऱ्यांनी म्हणूनच हेडफोनची परीक्षा चष्मा लावूनच करावी. कानात घालायच्या इअरफोनचेही तसेच आहे. त्यांच्यासोबत येणाऱ्या रबरी टोप्यांपैकी आपल्या कानाच्या मापाची टोपी न निवडता, आधीपासून बसवलेलीच वापरून इअरफोनला ‘बेस नाही’ असा दोष देणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि कित्येकांच्या दोन कानांना दोन वेगवेगळी मापे लागतात.

डोक्यावरची पट्टी दोन्ही बाजूंनी किती दाब देते, हे पाच मिनिटांत कळत नाही. जमल्यास किमान अर्धा तास तरी हेडफोन डोक्यावर ठेवावा. कानावर टेकणाऱ्या लहान गाद्या कालांतराने कानाची पाळी दुखवतात, तर कान पूर्ण झाकणाऱ्या गाद्यांत कान आतल्या जाळीला टेकत असेल तर तेही तितकेच त्रासाचे ठरते. जड हेडफोनचा भार मानेवर येतो. माझ्यापुरते सांगायचे तर अडीचशे ग्रॅमच्या पुढे मला तो सतत जाणवत राहतो. कृत्रिम चामड्याच्या गाद्यांचे पापुद्रे काही वर्षांत निघू लागतात, त्यामुळे त्या गाद्या सहज काढता येतात का आणि वेगळ्या विकत मिळतात का, हे घेण्यापूर्वीच पाहून ठेवावे. बदली गादी निवडताना थोडी सावधगिरी लागते, कारण गादीची जाडी आणि कापड बदलले की आवाजाचा तोलही बदलतो.

उघड्या पाठीचे, म्हणजे बाहेरची बाजू जाळीची असलेले, हेडफोन मला मनापासून आवडतात. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा असा हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून या रचनेला वेगळी मान्यता मिळाली. आवाज डोक्याच्या आत कोंडल्यासारखा न वाटता मोकळा वाटतो, तंबोऱ्याची आस विरत जाताना शेवटपर्यंत ऐकू येते, आणि कानही कमी तापतात. मात्र त्यांतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो, म्हणून शांत आणि स्वतःची खोली असेल तरच ते घ्यावेत. नॉइज कॅन्सलिंगच्या बाबतीत माझे मत थोडे कठोर आहे. ते यंत्रांची घरघर, पंख्याचा आवाज अशा खालच्या पट्टीतल्या सलग आवाजांवर चांगले चालते, पण बोलण्यावर त्याचा परिणाम पुष्कळ कमी होतो. स्वस्त हेडफोनमध्ये तर ते चालू केल्यावर बारीक सळसळ येते आणि गाण्याचा सूरही बदलल्यासारखा वाटतो. रोज दीर्घ प्रवास करणाऱ्यांसाठी मात्र मी अपवाद करतो, कारण गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेणे कानांना धोक्याचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित धरले जाते, आणि ९० डेसिबलला ही मुभा अवघ्या ४ तासांवर येते. व्यवस्थित बसणारे साधे इअरफोनही बाहेरचा बराच आवाज अडवतात, हे येथे विसरू नये.

प्रत्यक्ष ऐकून निवडण्याची संधी मिळाली, तर दोन्ही हेडफोनचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. जरासा मोठा वाजणारा हेडफोन नेहमीच अधिक चांगला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे आवाज वाढला की खर्ज कानाला तुलनेने अधिक भरदार लागतो. ओळखीचे, अनेकदा ऐकलेले ध्वनिमुद्रणच तपासणीसाठी घ्यावे आणि त्यात माणसाचा आवाज असावा, कारण गळ्याचा आवाज खरा की खोटा हे आपल्या कानाला कोणीही न शिकवता समजते. पहिल्या मिनिटात चमकदार वाटणारा हेडफोन विसाव्या मिनिटाला ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांवर टोचू लागतो, हे मी एकापेक्षा अधिक वेळा अनुभवले आहे. खर्ज थोडा कमी किंवा जास्त असेल तर फोनमधल्या इक्वलायझरने, म्हणजे खर्ज-तार स्वरांचे प्रमाण कमीजास्त करणाऱ्या सोयीने, तो विनाखर्च सुधारता येतो, पण कानावर नीट न बसणारा किंवा मोठ्या आवाजात फाटणारा हेडफोन कोणत्याही इक्वलायझरने दुरुस्त होत नाही.

शेवटी मी घेतलेला हेडफोन बंद पाठीचा, ३२ ओहमचा आणि सुटी होणारी वायर असलेला आहे, आणि तो वापरलेला घेतला आहे. वापरलेल्या हेडफोनकडे लोक संशयाने पाहतात, पण वायरच्या हेडफोनमध्ये झिजणारे भाग मोजकेच असतात आणि ते तपासता येतात. घेण्यापूर्वी मी तो फोनला लावून खर्जापासून वर चढत जाणारा एक सलग स्वर वाजवला आणि कुठे खरखर किंवा थरथर होते का, हे ऐकले. मग मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच असलेला, आवाज लावून तो दोन्ही कानांच्या बरोबर मधोमध येतो का, हे पाहिले. जॅकपाशी वायर हलकेच वाकवल्यावर एका बाजूचा आवाज तुटत होता, म्हणून वायर मी त्याच आठवड्यात बदलली, आणि गाद्या नव्या बसवल्या.