नवी पिकअप घ्यायची असेल तर आधी रोजची फेरी मोजा

परवा मोहोळहून मामेभावाचा फोन आला, "दादा, पिकअप घ्यायची म्हणतोय, कांदा मार्केट यार्डात न्यायला दरवेळी भाड्याची गाडी परवडत नाय, कुठली घेऊ सांग." पाऊण तास बोललो तरी निम्मंच झालं. म्हणलं आता नीट लिहूनच काढतो, त्याच्यासोबत अजून कुणाच्या उपयोगी पडलं तर चांगलंच.

आमचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, छोटाच. २०११ ची जुनी पिकअप आमच्याकडं बारा वर्षं होती, एमएच १३ पासिंग, सव्वातीन लाख किलोमीटर फिरली आणि एवढ्या वर्षांत रस्त्यावर बंद पडून टोचन करून आणायची वेळ दोनदाच आली. अण्णांचा त्या गाडीवर लई जीव. २०२३ च्या दसऱ्याला ती देऊन नवीन घेतली, हार घातला, रूपाभवानीला नेऊन आणली, सगळे खुश. नवीन गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाय कारण मला जे सांगायचंय ते आजच्या बहुतेक डिझेल पिकअपला लागू आहे.

पाचव्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. ड्रायव्हरमामांनी दोन दिवस तसाच चालवला कारण गाडी पळत होती, जुन्या गाडीत असा दिवाच नव्हता तर त्याला घाबरायची सवय कुठून असणार. तिसऱ्या दिवशी डाईंगवरून, म्हणजे सूत रंगवतात तिथून, ओलं सूत भरून येताना गाडीचा जोरच गेला, ॲक्सिलेटर दाबला तरी तीसच्या वर जाईना, मागं रिक्षावाले हॉर्न मारतायत. कशीबशी सर्व्हिस सेंटरला नेली, स्कॅनर लावला, म्हणाले डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारी जाळी, चोक झालाय. वॉरंटीत बसत नाय, हे तुमच्या वापरामुळं झालंय. साफ करायचे १४ हजार घेतले, आणि बदलायचा झाला तर लाखाच्या घरात जाईल असंही सांगितलं. गाडी पाच महिन्यांची! अण्णा त्या रात्री जेवले नाहीत.

मला तेव्हा राग आला होता आणि अजूनही आहे, पण राग गाडीवर नाय, विकताना हे कुणी सांगितलं नाय त्याच्यावर आहे. नंतर आमच्या जुन्या मेस्त्रींनी समजावलं ते असं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम आले, डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून (दहा लाखात ५० भाग) १० वर आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाईनमध्ये काजळी धरणारी जाळी बसली, तीच डीपीएफ. ही जाळी काजळी साठवते आणि मग स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी तिथं साधारण ५५० ते ६०० डिग्री गरम व्हावं लागतं, म्हणजे गाडी एका लयीत वीस-पंचवीस मिनिटं पळाली पाहिजे. आमची गाडी काय करत होती? कारखाना ते डाईंग चार किलोमीटर, तिथं अर्धा तास उभी, परत चार, मग ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला सहा, मध्ये रेल्वे गेट, सिग्नल, हमाल चहाला गेले म्हणून इंजिन चालू ठेवून थांबणं. गाडी गरम व्हायच्या आतच बंद. जाळी जळायला सुरुवात करायची आणि आम्ही चावी फिरवायचो. ते सारखं अर्धवट राहिलं की जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. मेस्त्रींनी डिपस्टिक काढून माझ्या नाकाजवळ धरली, ऑईलची पातळी खुणेच्या वर गेली होती आणि वास चक्क डिझेलचा. ऑईल कमी झालं की काळजी करायची एवढंच मला माहीत होतं, वाढलं तरी काळजी करायची हे त्या दिवशी कळलं. ऑईलसुद्धा कमी राखेचं, कंपनीनं पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच लागतं, कारण काजळी जळते पण ऑईलची राख जळत नाय, ती जाळीत तशीच बसून राहते.

मग आम्ही फेऱ्याच बदलल्या. पूर्वी तुळजापूरचा माल दुसऱ्याच्या टेम्पोनं पाठवायचो, आता दर मंगळवारी आपलीच गाडी जाते, जाऊन येऊन नव्वद एक किलोमीटर, हायवेला साठ-सत्तरनं एका लयीत. महिन्यातून एकदा विजापूर. टेम्पोचं भाडं वाचलं आणि गेल्या दीड वर्षात तो दिवा परत एकदाच लागला, तेव्हा मामांनी लगेच गाडी हायवेला काढली, वीस मिनिटांत दिवा गेला.

म्हणून मी सगळ्यांना आधी हाच प्रश्न विचारतो, तुमची रोजची फेरी किती किलोमीटरची? गावातल्या गावात पाच-दहा किलोमीटर असेल तर डिझेलच्या मागं लागू नका, सीएनजीची छोटी गाडी बघा, तिच्यात ही जाळीच नसते. रोज पन्नास-शंभर किलोमीटरचा रस्ता असेल तर बीएस-६ डिझेल बिनधास्त घ्या, इंजिन खरंच दमदार आहे. आमची जुनी लोडवर अकराचं ॲव्हरेज द्यायची, नवीन तेरा देते. पॉवर स्टिअरिंगमुळं मामांचा खांदा दुखायचा थांबला. आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३ ला टेकतो तेव्हा केबिनमधला एसी ही चैन नाय, साठीला आलेल्या माणसाला दुपारी गाडीवर पाठवताना मला आता अपराधी वाटत नाय.

बांधणीचं मात्र मन मोडतं. चासी आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाय. पण हौद्याचा पत्रा! मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या झडपेवर, अंगठा दाबला तर पत्रा आत गेला आणि टक् करून बाहेर आला, काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. आमचा माल ओला असतो, रंगाच्या कामात मीठ आणि सोडा लागतो, सूत कितीही धुतलं तरी थोडं खारं पाणी ठिबकतंच. सात महिन्यांत तळाच्या जोडांवर फुगे आले, नखानं खरवडलं की रंगाचा पापुद्रा निघायचा आणि खाली तांबूस भुगा. जुन्या गाडीला अण्णांनी चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा जाड लोखंडी पत्रा, टाकली होती म्हणून ती टिकली. ह्यालाही टाकायची ठरवली तेव्हा हिशोब केला, हौद्याच्या मापाला ३ एमएमची प्लेट शंभर-सव्वाशे किलो भरते, म्हणजे प्रत्येक फेरीला तेवढा माल कमी भरायचा. शेवटी गंज घासून दोन हात प्रायमर मारला, कोपऱ्यात पाणी जायला भोकं पाडली आणि वर जाड रबरी मॅट टाकली जी दर रविवारी उचलून खालचं धुवायचं. कांदा, डाळिंब नेणाऱ्यांना खाऱ्या पाण्याचा त्रास नाय, पण पावसाळ्यात ओली माती मॅटखाली राहिली तर तेच होणार.

आता पैशाचं. शोरूममध्ये "फक्त ६ टक्के व्याज" म्हणतात तिथं थांबा आणि विचारा फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (उरलेल्या रकमेवरच व्याज). ९ लाखाचं लोन ४ वर्षांसाठी ६ टक्के फ्लॅट म्हणजे २ लाख १६ हजार व्याज, हप्ता २३,२५०. हेच रिड्युसिंगमध्ये मोजलं तर जवळजवळ ११ टक्के होतं. आम्हाला बँकेनं साडेदहानं दिलं, ऐकायला ते महाग वाटतं, हप्ता मात्र २३,०४३. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय अण्णांना पटलं नव्हतं.

जीएसटी आम्ही गाडी घेतली तेव्हा २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांना १८ झालाय, म्हणजे ८ लाखाच्या मूळ किमतीवर सरळ ८० हजार कमी. मामेभावानं थांबून बरं केलं. धंद्याचा जीएसटी नंबर असेल तर मालगाडीवरचं क्रेडिट मिळतं, म्हणजे गाडीवर भरलेला जीएसटी आपल्या विक्रीच्या जीएसटीतून वळता करता येतो, कारसारखं अडवलेलं नाय. पण टॉवेलवर आम्ही ५ टक्केच लावतो, त्यामुळं सव्वादोन लाखाचं क्रेडिट फिटायला लई महिने लागले, आणि मशिनरी-गाडीच्या क्रेडिटचा रिफंड मिळत नाय, माल विकेल तसंच ते वापरायचं. हे सीएला आधी विचारा.

वजनाचा विचार पण आधीच करा. गाडीसकट एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाय, त्याच्यावर गेलात की परमिट काढा. थर्ड पार्टी विम्याचा २०२२ चा दर साडेसात टनापर्यंत १६,०४९ रुपये, छोट्या गाडीलाही तेवढाच. पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) पहिल्या आठ वर्षांत दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. आणि दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरायची आपल्याकडची सवय सोडा, ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय पाट्यांचं मरण ते वेगळंच.

मामेभावाला मी डिझेलच घ्यायला सांगितलंय. मोहोळ ते सोलापूर मार्केट यार्ड एका बाजूनं पस्तीस-चाळीस किलोमीटर, सगळा हायवे, त्याची जाळी आपोआप साफ राहील. येत्या रविवारी तो येणाराय, मेस्त्रींना सोबत घेऊन दोन-तीन शोरूमला जाणार आहोत, फाळका आधी तेच दाबून बघणार.