पुढच्या फाट्यावर भेटू

मित्रमंडळींसह आठवडाभर सायकलवरून फिरून आलो असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते: हेल्मेट घातलेली आठ-दहा माणसे ओळीने चालली आहेत, गप्पा रंगल्या आहेत आणि कोणीतरी गाणे म्हणत आहे. हा देखावा निघताना फोटो काढण्यापुरता खरा असतो. बेळगावातून निघून पिरनवाडीला जांबोटीचा रस्ता धरेपर्यंत आमची ओळ टिकली; किणये मागे पडेपर्यंत तिचे तुकडे झाले, आणि पहिला खरा चढ लागला तेव्हा मला पुढेही कोणी दिसत नव्हते व मागेही कोणी दिसत नव्हते. समूहाने केलेला सायकलप्रवास बहुतांशी एकट्यानेच करायचा असतो, आणि समूह म्हणून जे काही घडते ते फाट्यावर घडते.

आमच्या भागात फाट्यांना तोटा नाही. गाव आत, मैल-दीड मैलावर. मोठ्या रस्त्याला त्याचा फाटा फुटतो आणि तिथे बसथांबा, चहाची टपरी, पंक्चर काढणाऱ्याचे दुकान व एखादे सावलीचे झाड एवढी वस्ती आपोआप जमते. निघताना कोणी कोणाला ‘सांभाळून ये’ असे म्हणत नसे. ‘पुढच्या फाट्यावर भेटू’ एवढेच म्हणत. शेवटचा माणूस येईपर्यंत फाटा सोडायचा नाही, हा नियम बहुतेक सायकलमंडळी पाळतात. परंतु या नियमात एक मोठी खोट आहे, ती आमच्यातील डॉक्टरीणबाईंनी दाखवून दिली. पुढे गेलेल्यांचा वीस मिनिटे चहा होतो, घाम वाळतो, पाय लांब करून होतात. आणि सर्वांत मागचा धापा टाकत पोहोचला, की ‘चला, आले सगळे’ म्हणून हीच मंडळी उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत अधिक, त्याच्या वाट्याला ती सर्वांत कमी. बाईंनी म्हणून दुसरा नियम घालून दिला, की शेवटच्याने टेकल्यावर त्याचा चहा येईल, निवेल आणि पिऊन होईल, तोवर कोणी सायकलीला हात लावायचा नाही. पाय गार पडतात, लय मोडते अशी तक्रार पुढच्यांनी सुरुवातीला बरीच केली. माझे मत विचाराल तर पडू द्यावेत गार. ज्यांना लय एवढी प्रिय आहे त्यांनी एकट्याने निघावे.

आमचे यजमान अर्थातच पुढच्यांतले. ते चपळ आहेत, उतावळे आहेत, आणि रस्त्यावर पुढे काय आहे हे इतरांच्या आधी पाहून येण्याची त्यांना फार हौस आहे. माझी चाल संथ, पण चढावर न थांबणारी. लग्नानंतर इतकी वर्षे एका छपराखाली राहूनही ही गोष्ट दोघांनाही नीटशी ठाऊक नव्हती, कारण घरात माणसाची खरी चाल कळायला तेवढा सलग रस्ता नसतो. पहिल्या सकाळी त्यांनी माझ्यासाठी वेग आवरून पाहिला. माझ्या वेगाने चालताना त्यांचा तोल जाईना एवढेच, बाकी सगळा वेळ ते ब्रेक दाबणे, मागे वळून पाहणे आणि ‘गिअर हलका कर’ असे सुचवणे यांत गुंतले होते. थोड्याच वेळात मी त्यांना पुढे घातले. नवरा-बायकोने सायकलसहलीला एकत्र अवश्य निघावे, मात्र एकमेकांच्या शेजारून सायकल चालवू नये, असे मला स्वच्छ वाटते. दोघांनी मिळून एकच जोडसायकल चालवणारी जोडपीही असतात. तिच्यावर ब्रेक आणि गिअर पुढच्याच्या हाती असतात व मागच्याने केवळ पायडल मारत पुढच्याच्या पाठीकडे पाहायचे असते. अशा जोडप्यांना माझा दुरूनच नमस्कार.

यजमान पुढे जात ते मोकळ्या हातांनी. पैसे, औषधे, सुटे ट्यूब, घराची किल्ली, सगळे माझ्या हँडलला बांधलेल्या पिशवीत. आता पैसे फोनमध्येच असतात असे कोणी म्हणेल. पण जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या जंगलात, फोनला रेंज नाही म्हणजे पैसेही नाहीत. एका टपरीपाशी मी पोहोचले तेव्हा ते बाकावर अगदी शहाण्या मुलासारखे बसून होते, समोर चहा नव्हता. टपरीवाल्या मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, “काय वो बाई, मालक फुडं आनि तुम्ही मागं? भांडून आलासा काय?” भांडलो नाही, चाल वेगळी आहे, असे मी सांगितले. ते त्यांना पटले नसावे, कारण चहा देताना त्यांनी यजमानांच्या कपात मुद्दाम साखर जास्त घातली.

चढ आणि वारा यांत संगतीच्या दृष्टीने फार फरक आहे, हे या आठवड्यात पायांना कळले. चढावर वेग मुळातच कमी, त्यामुळे वाऱ्याचा अडसर नगण्य असतो. जो काही झगडा असतो तो आपल्या व सायकलीच्या वजनाशी. तिथे कोणी पुढे असो वा मागे, आपला भार आपणच न्यायचा असतो. सपाटीवर समोरचा वारा असला, की सगळा हिशेब बदलतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो, आणि पुढच्या सायकलीच्या आडोशाने चालले तर मागच्याचे पाव हिश्श्याएवढे श्रम सहज वाचतात. कित्तूरहून बैलहोंगल व तिथून सौंदत्ती हा आमचा रस्ता पूर्वेकडचा, आणि डिसेंबरातला वाराही पूर्वेकडूनच येणारा. उघडा माळ, दोन्ही बाजूंना हरभरा आणि जोंधळा, दूरवर पवनचक्क्या. झाड असे नावाला. तिथे मात्र आम्ही खरोखरच ओळीने चाललो, एकाने थोडा वेळ पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा आणि दमला की बाजूला होऊन शेवटी जाऊन लागायचे. यजमानांची पाठ मी त्या दिवशी जेवढी पाहिली तेवढी आयुष्यात पाहिली नसेल. गप्पा मात्र तिथेही झाल्या नाहीत, कारण पुढच्याचे चाक आणि आपले चाक यांत हातभर अंतर असताना माणूस बोलत नाही.

सायकलवरून जाणाऱ्याला जिल्हा बदलताना दिसतो तसा मोटारीतून दिसत नाही. कणकुंबीला समुद्रसपाटीपासून सुमारे 792 मीटर उंचीवर मलप्रभा उगम पावते. तिथे तिला नदी म्हणायला जीभ वळत नाही. कुसमळीला ती रस्ता ओलांडते, खानापूरला तिच्यावर मोठा पूल आहे, आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात तिचा पार समुद्र झालेला असतो. पुढे कूडलसंगमाला ती कृष्णेला मिळते. आमची वाट नदीच्या काठाकाठाने नव्हती, पण ती मधूनमधून भेटत राहिली, आणि प्रत्येक भेटीच्या वेळी भोवतीची जमीन निराळी असे. खानापूर, नंदगड, हलशीपर्यंत तांबडी माती, भाताची मळणी झालेली खाचरे, काजूची झाडे, आणि हलशीच्या कदंबकालीन देवळाच्या आवारात मराठीत चाललेल्या गप्पा. बिडी गाव सोडून कित्तूरकडे वळलो तशी तांबडी माती फिकी होत गेली, आणि बैलहोंगलच्या अलीकडे केव्हातरी ती काळी झाली. नेमकी कुठे, यावर फाट्यावर बराच वाद झाला. ज्याने त्याने आपापल्या टायरला चिकटलेली माती पुरावा म्हणून दाखवली. ताटातला भात मागे पडून जोंधळ्याची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि भरल्या वांग्याची भाजी आली, ती सुद्धा अशीच सीमारेषा न दाखवता. चहाच्या टपरीवरील बोलणे मराठीतून कानडीत गेले तेव्हा आम्हा बेळगावकरांना ते जाणवलेही नाही, कारण दोन्ही भाषांत घासाघीस करण्याची आम्हाला लहानपणापासून सवय. आमच्यातला कोल्हापूरचा मित्र मात्र जिल्हा मार्गावरच्या दगडांपाशी अडकायचा. दगडावरचे कानडी आकडे त्याला वाचता येत नसल्यामुळे आणखी किती उरले हे त्याला कळत नसे, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच विचारी. आम्ही एकमेकांत न ठरवता त्याला दर वेळी तीन-चार किलोमीटर कमी सांगत गेलो. त्याने त्याचा वेग चांगलाच वाढला.

सौंदत्ती सोडल्यावर बाभळीने आपला प्रताप दाखवला. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या मित्राच्या मागच्या चाकात काटा असा शिरला, की टायर बाहेरून धडधाकट आणि आतून बसलेला. यरगट्टीच्या वाटेवर एका फाट्यावर ट्रकचे पंक्चर काढणारे दुकान सापडले. दुकानदाराने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवली, बुडबुडे जिथे येतात तिथे खडूने खूण केली, ठिगळ लावले. इथवर सगळे उत्तम. हवा भरताना गाडी अडली. महागड्या सायकलींना फ्रेंच पद्धतीचा बारीक वॉल असतो, त्याच्या टोकाची चिमुकली चकती आधी सैल करावी लागते, आणि दुकानातल्या कॉम्प्रेसरचे तोंड मोटारसायकलच्या जाड वॉलाचे. ते त्या बारीक वॉलावर बसेना. दोघांच्यामध्ये लावायचा नखाएवढा पितळी तुकडा मिळतो. त्याची किंमत एका चहाहून फार अधिक नसते आणि तो नसला तर पन्नास हजारांची सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. आमच्यापैकी तो एकाकडेच होता, आणि ते गृहस्थ सर्वांत मागे होते. एरवी ज्यांची वाट पाहताना सगळ्यांच्या कपाळावर सूक्ष्म आठ्या असत, त्यांचे त्या दिवशी टाळ्या वाजवून स्वागत झाले. त्यांनी शांतपणे तुकडा काढून दिला आणि दुसऱ्या नियमाप्रमाणे चहा सांगितला. तो त्यांनी जितका सावकाश प्यायला तितका कोणी कधी प्यायला नसेल.

त्याच फाट्यावर यल्लमाच्या डोंगरावरून परतणाऱ्या भाविकांचा एक टेम्पो उभा होता. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूर, सांगलीकडून माणसे हजारोंनी येतात. टेम्पोतील मंडळीही थांबलेलीच होती, त्यांचा दुसरा टेम्पो मागे राहिला होता म्हणून. एक आजी उतरून आमच्यापाशी आल्या, सायकली एक-एक पाहत गेल्या आणि पदरच्या पुडीतून भंडारा काढून त्यांनी प्रत्येक हँडलला बोटाने लावला. माझ्या हँडलवरच्या काळ्या पट्टीच्या विणीत तो पिवळा रंग असा मुरला, की दोनदा धुऊनही गेला नाही. मग त्यांनी विचारले, “येवढ्या लांब येऊन तुम्ही देवीला न जाताच निघालासा?” आम्ही आदल्या संध्याकाळी डोंगरावर जाऊन आलो होतो, हे ऐकून त्यांचे समाधान झाले. सायकली ढकलत चढलो, हे कोणी सांगितले नाही.

गोकाकपासून संकेश्वरापर्यंतच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखे ते उसाच्या ट्रॉल्यांचे. हंगाम ऐन भरात, आणि एकेका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्याच्या कडेपर्यंत ऊस बाहेर आलेला, वर कर्णकर्कश गाणी. चढावर या ट्रॅक्टरांचा वेग आमच्याएवढाच होतो. त्यामुळे कितीतरी वेळ एकाच ट्रॅक्टरबरोबर चालावे लागते आणि एकच गाणे तीनदा ऐकावे लागते. मागून ट्रॉलीच्या आडोशाने जाण्याचा मोह होतो, वारा अजिबात लागत नाही. पण ट्रॉलीला मागे दिवे नसतात, ब्रेक कधी लागेल याचा भरवसा नसतो आणि उसाची मोळी सुटली तर ती नेमकी आपल्यावर येते. डॉक्टरीणबाईंनी यजमानांना अशा आडोशातून दोनदा बाहेर काढले. मी सांगून त्यांनी ऐकले नसते.

शेवटच्या दिवशी वंटमुरी घाटातून बाहेर पडून काकतीला आलो तेव्हा दुपार झाली होती आणि घर प्रत्येकाला खुणावू लागले होते. काकतीचा फाटा हा ठरलेला शेवटचा मुक्काम. तिथे सगळ्यांनी जमायचे, फोटो काढायचा, मग पांगायचे. मी पोहोचले तेव्हा बाकावर फक्त डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. टिळकवाडीकर गेले होते, शहापूरकर गेले होते, बँकेतील गृहस्थांना नातवाला शाळेतून आणायचे होते. कोल्हापूरकर मित्राने तर सायकल केव्हाच बसच्या टपावर चढवली होती. आम्ही दोघींनी नियमाप्रमाणे चहा घेतला, पितळी तुकडावाल्यांची वाट पाहिली, ते आल्यावर त्यांच्याबरोबर आणखी एक घेतला, आणि निवांत निघालो. यजमान तासभर आधीच घरी पोहोचले होते. किल्ली माझ्या पिशवीत असल्यामुळे ते जिन्यात शेजाऱ्यांबरोबर उभे होते, आणि सौंदत्तीच्या माळावर वारा सगळा वेळ त्यांनीच कसा अंगावर घेतला, हे सांगत होते.