आकडा बघितल्याशिवाय मुलीला का सोडत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नातेवाईक विचारतात, पालकांच्या ग्रुपवर विचारतात, परवा मैत्रिणीनेही विचारलं: "रोज हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघून पोरीला खेळायला सोडतेस, जरा अतिच नाही का?"

असेल अति. तिला दमा आहे. दम्याच्या मुलांनी खेळायला हवं, हे मला डॉक्टरांनी दर वेळी सांगितलंय. मी तिला कोंडून ठेवलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आकडे बघणाऱ्यांना मीच घाबरट म्हणायचे. त्या दिवशी ॲपवर पिवळ्या रंगात "मध्यम" लिहिलं होतं. मध्यम म्हणजे चालण्यासारखं, असं मी धरलं. दम्याच्या रुग्णांनी जास्त श्रम टाळावेत, ही खालची बारीक ओळ वाचलीच नाही. मुलगी दीड तास धावली. रात्री अकराला उठून बसली, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. छातीतून शिट्टीसारखा आवाज. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून पंपाचे चार फवारे दिले, थोड्या वेळाने आणखी चार. दर श्वासाला गळ्याखालच्या खळगीत खड्डा पडत होता, माझा अंगठा बसेल एवढा. "आई, पा" म्हणाली, थांबली, पुढच्या श्वासाला "णी" म्हणाली.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर सुरू झाला. मधेच शिट्टी थांबली. मला हायसं वाटलं. नर्स मात्र धावत आली. शिट्टी थांबली म्हणजे आत हवाच जात नाहीये, असंही असू शकतं, हे मला तेव्हा कळलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

आता खरं सांगते: तिला दोन दिवस सर्दीही होती. अटॅक हवेमुळे आला की सर्दीमुळे, हे कोणीच छातीठोकपणे सांगितलेलं नाही. पण लंडनची एला अडू-किसी-डेब्रा २०१३ मध्ये दम्याने गेली, नऊ वर्षांची होती. मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहिलं जायला डिसेंबर २०२० उजाडला. हवेतल्या धोक्याची माहिती तिच्या आईला कोणी दिलीच नव्हती, हेही तिच्या मृत्यूच्या चौकशीत पुढे आलं. मला तर ती ओळ हातातल्या फोनवर दिली होती.

आणि "मध्यम" हा शब्द तरी कुठे ठाम आहे? पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, वर्षभराची सरासरी घनमीटरला १० मायक्रोग्रॅमच्या आत हवी, असं जागतिक आरोग्य संघटना २००५ मध्ये सांगत होती. २०२१ मध्ये तिने ती ५ वर आणली. हवा तीच, पण देशागणिक मर्यादा वेगळी आणि रंगही वेगळा. डिझेलच्या धुरातली काजळी फुप्फुसात जाते आणि पृथ्वीही तापवते. ती हवेत टिकते काही दिवसच, म्हणजे धूर थांबवला तर फरक लवकर पडतो. हे धोरण ठरवणाऱ्यांनी करायचं काम आहे. एका आईने खिडकी लावून ते होत नाही. आणि हो, कामाला मी स्वतः गाडीनेच जाते. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या महिन्यात सराव चुकले म्हणून तिचं नाव संघातून गेलं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने तुमचाच प्रश्न विचारला, आणि एवढं सगळं मला तिच्यासमोर बोलता आलं नाही.