टॅक्स वाचवायला टेक्सास? अर्धंच खरं

डॅलसच्या उत्तरेला आमचं फ्रिस्को. २००० साली इथली वस्ती ३४ हजारांच्या आत होती, २०२० च्या जनगणनेत ती दोन लाखांवर गेली. आमच्या गल्लीत ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाला दोन उत्तरं द्यावी लागतात: आधी सांगली की नाशिक, मग सॅन होजे की न्यू जर्सी.

‘तिकडे टॅक्स नाही ना!’ असं पुण्याहून फोनवर हमखास ऐकायला मिळतं. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, हे खरं. कॅलिफोर्नियात त्याचा वरचा दर १३.३ टक्के आहे, पण तो लागतो दहा लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर. ती आमच्यापैकी कुणाची? शिवाय इथली काउंटी (म्हणजे जिल्हा) आणि शाळा घरपट्टीतून वसुली करतातच, घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास, दरवर्षी. कॅलिफोर्नियात १९७८ पासून मूळ दर एक टक्क्यावर बांधलेला आहे आणि घराचा मालक बदलेपर्यंत करासाठी धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. तिथे तीस वर्षांपूर्वी घर घेतलेला माणूस म्हणूनच जागचा हलत नाही. बिऱ्हाड हलवतात ते भाड्याने राहणारे, उशिरा पोचलेले.

मला विचाराल तर टॅक्स हे चारचौघांत सांगायचं कारण. खरं कारण घर. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या पट्ट्यात, एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगर, आणि उरलेल्या जमिनीवर इमारत उठू नये असे गावोगावचे नियम. इथे सपाट माळ आणि बिल्डरला मोकळं रान. आईबाबा सहा महिने येणार, त्यांना जिना नको, म्हणून खालीच एक बेडरूम हवी, एवढी साधी अपेक्षा तिकडे आमच्या आवाक्याबाहेरची होती.

मग कंपन्याही हलतात. टोयोटाने अमेरिकेतलं मुख्यालय कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सहून शेजारच्या प्लेनोला नेण्याचं २०१४ मध्ये जाहीर केलं, आणि हजारो कुटुंबांपुढे ‘जायचं की नोकरी बदलायची’ हा प्रश्न आला.

या येण्याजाण्याचा हिशेब दर दहा वर्षांनी संसदेत लागतो. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाची प्रतिनिधीगृहातली एक जागा गेली, इतिहासात पहिल्यांदाच. टेक्सासला दोन मिळाल्या. न्यूयॉर्कची जागा तर फक्त ८९ माणसं कमी पडली म्हणून गेली! (आपल्याकडे लोकसभेच्या जागांमधला राज्यांचा वाटा १९७१ च्या आकड्यांवर गोठलेला. मुंबई-पुण्यात बाहेरून कितीही लोक आले तरी महाराष्ट्राच्या ४८ च.)

आता फ्रिस्कोही महागलंय. नवी जोडपी आणखी उत्तरेला सलायनाकडे घरं बघतात. वीस हजारांवर वस्ती असलेल्या शहरांमध्ये २०२३ पर्यंतच्या वर्षभरात देशात सर्वांत वेगाने वाढलेलं गाव तेच. तिथून डॅलसमधलं ऑफिस गाठायला सकाळी तासभर तरी गाडी हाकावी लागते, आणि तरीही बुकिंगला रांग आहे.