बस्तर: चित्रकोटच्या पलीकडचं

छत्तीसगडमधल्या बस्तरला जाणारे बरेच जण चित्रकोटचा धबधबा बघून परत फिरतात. माझं आग्रहाचं सांगणं, तसं करू नका.

रायपूर ते जगदलपूर रस्त्याने साधारण ३०० किलोमीटर. रात्रीच्या बस मिळतात, तरी दिवसाच निघा. केशकालचा घाट उजेडात बघण्यासारखा आहे, आणि पुढे कोंडागावला उतरता येतं. इथे घडवा समाजाचे कारागीर ढोकरा, म्हणजे मेणाच्या साच्यातून ओतलेल्या पितळी मूर्ती, घडवतात. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे बोटांनी बसवत जायचे. बैलाची शिंगं, बाईच्या गळ्यातली माळ, सगळं आधी मेणात उभं राहतं. त्यावर परत मातीचा लेप. भट्टीत मेण वितळून जातं, त्याच्या जागी पितळेचा रस उतरतो, आणि शेवटी साचा फोडावाच लागतो. म्हणून एकासारखी दुसरी मूर्ती सापडत नाही. खरेदी थेट कारागिराकडून करा. तो एकेक धागा बसवताना पाहिल्यावर घासाघीस करायला माझं तोंडच उघडलं नाही. फोटो मात्र विचारून काढा. हलबी ही इथली बोली मराठीच्या इतकी जवळची की हिंदी आणि मराठी मिसळून गप्पा सहज होतात.

जगदलपूरहून गीदममार्गे बारसूर. छिंदक नागवंशी राजांचं हे ठिकाण आज दंतेवाडा जिल्ह्यातलं लहानसं गाव आहे. बत्तीसा मंदिरात दोन गाभारे शेजारी शेजारी, दोन्ही शंकराचे, आणि दोघांत मिळून ३२ दगडी खांबांचा एकच मंडप. जवळच उंच शिखराचं मामा-भांजा मंदिर आणि वालुकाश्मातले दोन भव्य गणपती. मी जोडगणपतींपाशी सर्वात जास्त रेंगाळलो. नक्षी झिजली आहे, पण बसण्यातला डौल तसाच आहे. धावतपळत बघू नका, अख्खी सकाळ द्या. गाडी जगदलपूरहून ठरवून न्या आणि अंधाराआधी परता.

आता धबधबे. चित्रकोटला इंद्रावती सुमारे ३० मीटर खाली कोसळते. हीच नदी पुढे गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत सिरोंचा तालुक्यात गोदावरीला मिळते. पावसाळ्यात तांबूस पाण्याने घोड्याच्या नालेच्या आकाराचा अख्खा कडा भरतो. उन्हाळ्यापर्यंत मोजक्या धारा उरतात. पण पावसाळ्यात कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातली कुटुमसर गुहा बंद असते. दोन्ही हवं असेल तर पाऊस सरल्यावर, गुहा उघडली की लगेच जा. तिथल्या चुनखडीच्या लवणस्तंभांसाठी वेळ राखून ठेवा. उतरण अरुंद आणि निसरडी आहे, आत हवा कोंदट. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी बाहेरच थांबावं. त्याच उद्यानातला पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा तीरथगड धबधबा त्यांना त्या वेळात बघता येईल. मात्र खाली जाण्याच्या पायऱ्या बऱ्याच आहेत.

रोख पैसे जगदलपूरलाच काढून ठेवा. आठवडी बाजाराचा वार प्रत्येक गावाचा वेगळा असतो, तो मुक्कामाच्या ठिकाणी विचारून मगच पुढचा बेत ठरवा.