रंगीबेरंगीच्या पुढे काय?

कुठल्याही कार्यक्रमाचं, बाजाराचं किंवा माणसांच्या गर्दीचं वर्णन वाचायला घ्या, तिसऱ्या-चौथ्या ओळीत "रंगीबेरंगी" येतोच. शब्द छानच आहे, उच्चारतानाच कसा उड्या मारत येतो, पण सगळीकडे तोच वापरला की वाचणाऱ्याला काहीच दिसेनासं होतं. मग लिहिणारा समानार्थी शब्द शोधतो, त्याला विविधरंगी, बहुरंगी, नानारंगी, सप्तरंगी अशी यादी सापडते आणि त्यातला एखादा उचलून तो तिथे बसवतो. माझं म्हणणं असं आहे की हे शब्द एकमेकांच्या जागी बसतच नाहीत. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

रंगीबेरंगी हा फक्त डोळ्यांचा शब्द आहे. पताका, फुगे, मणी, पतंग असं लहान आणि पुष्कळ काहीतरी एकदम दिसलं की तो शोभतो. माणसाला मात्र तो चालत नाही, "रंगीबेरंगी व्यक्तिमत्त्व" कानालाच खटकतं, तिथे बहुरंगी लागतो. आणि त्याच माणसाला रंगेल म्हटलं तर सगळी गोष्टच बदलली, आता त्याच्या गुणांपेक्षा त्याच्या शौकांची चर्चा सुरू होणार. रंगतदार हा सामन्याचा, गप्पांचा, मैफलीचा शब्द, त्यात डोळ्यांना दिसणारा रंग एकही नसतो. विविधरंगी तेवढा मला अहवालातला वाटतो, अर्थ बरोबर आहे पण जीव नाही. रंगीत हा तर सगळ्यात साधा, पण नाटकवाल्यांनी त्याचं काय सोनं केलंय बघा! "रंगीत तालीम" म्हणजे कपडे, रंगभूषा, प्रकाश, संगीत सगळ्यासकट, जणू प्रयोगच आहे अशी केलेली तालीम. एका साध्या विशेषणात केवढी तयारी मावली.

बरं, "बेरंग" हा तुकडाही गमतीचा आहे. "रंगाचा बेरंग झाला" म्हणजे सगळा विचका झाला, आणि तोच आवाज रंगीच्या मागे जोडून आला की उलट रंग वाढतात.

पण या सगळ्यात माझा सगळ्यात जवळचा शब्द म्हणजे चित्र. आज आपल्याला चित्र म्हटलं की कागद आणि ब्रश आठवतो, पण संस्कृतात चित्र म्हणजे ठसठशीत, झळाळणारं, अनेक रंगांचं, ठिपक्याठिपक्यांचं असंही. म्हणून ठिपकेवाला तो चित्ता, अंगावर पांढरे ठिपके घेऊन फिरणारं ते चितळ, आणि आकाशात लखलखणारी ती चित्रा. विचित्र हा त्याच घरातला, त्याचाही जुना अर्थ नाना रंगांचा, नाना तऱ्हांचा असाच आहे. महाभारतात शंतनू आणि सत्यवतीच्या दोन मुलांची नावं चित्रांगद आणि विचित्रवीर्य, आता कुठले आईबाप आपल्या मुलाच्या नावात "विक्षिप्त" अशा अर्थाचा शब्द घालतील? त्या नावातला विचित्र हा कौतुकाचा आहे. आपण मात्र आज एखाद्याला विचित्र म्हटलं की त्याच्यापासून दोन हात लांबच बसतो. खूप रंग एकत्र दिसले, नेहमीपेक्षा वेगळं दिसलं, म्हणून आश्चर्य वाटलं आणि मग आश्चर्याचं हळूहळू खटकणं झालं, असा हा प्रवास असावा असं मला वाटतं आणि खरं सांगायचं तर त्याचं वाईटही वाटतं. चित्रविचित्र या जोडशब्दात जुना अर्थ अजून थोडा शिल्लक आहे, "चित्रविचित्र मासे" म्हटलं की रंगही दिसतात आणि नवलही वाटतं. तो तरी जपून वापरूया.

लेखांच्या मथळ्यांत हल्ली कॅलिडोस्कोप हाही फार दिसतो. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि मराठीत त्याला शोभादर्शक असा सुंदर शब्द आहे. पण त्यातली गंमत कळून तो वापरायला हवा. आत काचेचे तुकडे मोजकेच असतात, नळी फिरवली की तेच तुकडे हलतात आणि आरशांमुळे दर वेळी नवी नक्षी उमटते. म्हणजे जिथे तीच माणसं, तेच प्रसंग वेगळ्या मांडणीत पुन्हा दिसतात तिथे शोभादर्शक. नुसतं "खूप काही आहे" एवढंच सांगायचं असेल तर तो वाया जातो.

आता मुख्य मुद्दा. मराठीत रंगाची खरी ताकद विशेषणात नाहीये, क्रियापदात आहे. मेंदी रंगते, विडा रंगतो, वाद रंगतो, सामना रंगतो, कीर्तन रंगतं, आणि ऐकणारा रंगून जातो. कार्यक्रमाला कितीही रंगीबेरंगी म्हणा, "कार्यक्रम रंगला" या दोन शब्दांची सर त्याला येत नाही. याचं मूळ संस्कृतातल्या रञ्ज् या धातूत आहे, रंग चढणे आणि मन गुंतणे हे दोन्ही अर्थ त्याच्यात आहेत. त्याच्यातूनच रंजन आलं, अनुरक्त आला, राग आला, आणि मनावरचा रंग उतरला तो विरक्त. रंगाचा दुसरा अर्थ नाटकाची जागा, म्हणून रंगभूमी, रंगकर्मी, आणि कीर्तनातला पूर्वरंग नि उत्तररंग. संत सोयराबाई अभंगात अवघा रंग एक झाल्याचं सांगतात तेव्हा तर वैविध्यच उरत नाही, आणि तरी त्याहून रंगलेली ओळ मला माहीत नाही.

म्हणून लिहिताना विशेषण सुचत नसेल तर आधी क्रियापद शोधा. रंग चढला, रंगात आला, रंग भरला, रंग उडाला, रंग दाखवले, रंगवून सांगितलं, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. "त्याने रंग दाखवले" मध्ये इशारा आहे आणि "त्याने रंग भरला" मध्ये कौतुक, रंग तोच.

आणि निवडणुकीच्या बातम्या लिहिणाऱ्यांना तर मानलं पाहिजे, त्यांनी रंगाचा चक्क आकडा केला! दुरंगी लढत, तिरंगी लढत, चौरंगी, पंचरंगी, आणि उमेदवार फारच झाले की बहुरंगी. फक्त याच ओळीत चतुरंग बसवायला जाऊ नका, त्यात रंग नाहीच, तो चतुर् आणि अंग, म्हणजे हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी चार अंगांची सेना. त्याचाच पुढे शतरंज झाला आणि पटासारखे चौकोन असलेली ती सतरंजी.